सतरा नंबरची फीत

“मॅडम, ही फीत हातावर लावली की आपलं कुणावर प्रेम बसलंय ते कळतं का हो?”

शाल्मलीनं हा प्रश्न उभं राहून, खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल असा विचारला.  मग नववीच्या चारही तुकड्या एकदम फुटल्या! वर्गशिक्षिकांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर अलीशा मुजावर तोंडात ओढणी कोंबून गदागदा हलत होती, कारण पैज तिनंच लावली होती. हा प्रश्न विचारलास तर आठवडाभर माझा डबा तुझा.

वर्षापूर्वी कुणी असली पैज लावली असती तर शाल्मली बाकाखाली शिरली असती. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना जिचा आवाज स्वतःलाच ऐकू यायचा नाही, ती हीच मुलगी. पण गेल्या स्नेहसंमेलनात ती बोलत असताना माईक बंद पडला, आणि तिला शोध लागला की आपल्याला माईकची गरजच नाही. इचलकरंजीत, कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला गळा तो. तेव्हापासून शाल्मली बोलत सुटली होती.

व्यासपीठावरच्या ऋजुता टिकेकर मॅडम रागावल्या नाहीत. फिती बनवणाऱ्या कारखान्यात त्या इंजिनिअर होत्या, आणि दोन वर्षांपासून शाळाशाळांतून फिरून मुलींच्या हातांवर फिती लावत होत्या.

“नाव काय तुझं?”

“शाल्मली शिवानंद म्हेत्रे.”

“शाल्मली, प्रेम कळत नाही. हिमोग्लोबिन कळतं, साखर कळते, थायरॉइड कळतं. आणि तू कुणाची आहेस, तेही थोडंसं कळतं.”

“ते कसं काय?”

“रक्तगटावरून. तुझ्या घरच्यांचे गट माहिती आहेत?”

“हो तर! पप्पांच्या बिल्ल्यावर एबी लिहिलंय आणि आईच्या रिक्षाच्या लायसनवर ओ.” पप्पा मॅडमच्याच कारखान्यात मागावर होते आणि आई ई-रिक्षा चालवायची, हे सांगायला तिला फार आवडायचं, पण आत्ता वेळ नव्हता.

“छान उदाहरण दिलंस.” मॅडमनी फळ्यावर दोन माणसं काढली. “प्रत्येकाच्या खिशात दोन चिठ्ठ्या असतात. मूल झालं की त्यातली एक त्याला मिळते. आईच्या दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या, म्हणून ती ओ. वडिलांच्या एका चिठ्ठीवर ए, दुसरीवर बी. कोरी चिठ्ठी त्यांच्याकडे नाहीच. म्हणजे तू एक तर ए, नाही तर बी. तिसरं काही असूच शकत नाही.”

“म्हणजे मला जे काय मिळालंय ते पप्पांकडनंच!” शाल्मली म्हणाली आणि बसली. डबा जिंकला होता.

मग मॅडमनी फीत उंच धरली. बोटभर लांब, दोन बोटं रुंद, पांढरी, कडेला निळी किनार. दिसायला एखाद्या लहान मुलीच्या केसांतली रिबीन.

“दिव्यातली वात तेल वर ओढते, तेव्हा तिला कुणी पंप लावतं का? नाही. कापसाचा धागा पातळ पदार्थ स्वतःच ओढून घेतो. उलट मेण चढवलेला पॉलिस्टरचा धागा पाण्याला अंगाला शिवू देत नाही. आम्ही काय केलं, तर कापसाच्या प्रत्येक धाग्याच्या दोन्ही बाजूंना मेणाच्या धाग्यांचे बांध घातले. आता रक्त इकडं तिकडं पसरत नाही. शेतातल्या पाटासारखं आपापल्या धाग्यातून वाहतं. बॅटरी नाही, मशीन नाही. फक्त विणकाम.”

फितीच्या एका टोकाला टिकलीएवढी चकती होती. तिच्यात अर्ध्या मिलिमीटरचे चाळीस काटे. ती दाबली की एक थेंब रक्त वर येतं आणि बारा पाटांमध्ये वाटलं जातं. पूर्वी याच कामाला सुई, नळी, बर्फाची पेटी आणि दोन दिवस लागायचे.

“पहिला पाट ए ओळखतो, दुसरा बी. त्या धाग्यांत आम्ही ओळखणारी द्रव्यं भरलीत. ओळख पटली की रक्तातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरतात, गुठळी होते, आणि रक्त अर्ध्या वाटेत थांबतं. ओळख पटली नाही तर ते सरळ शेंड्यापर्यंत निघून जातं. थांबलं म्हणजे आपलं, एवढं लक्षात ठेवा.”

फिती वाटायला सुरुवात झाली आणि शाल्मलीची गडबड सुरू झाली. प्रत्येक फितीच्या किनारीवर ज्या मागावर ती विणली त्याचा नंबर छापलेला असतो, आणि पप्पांचा माग सतरा नंबरचा. तिला मिळाली एकतीसची. तिनं पुढची रांग पालथी घातली, मागची घातली. शेवटी प्राची लाटणेकडं सतरा सापडली.

“अगं, सगळ्या सारख्याच की,” प्राची म्हणाली.

“सारख्या कशा? ही माझ्या पप्पांनी विणलीय. दे. अलीशाच्या डब्यातला अर्धा वाटा तुझा.”

आणि सतरा नंबरची फीत शाल्मलीच्या हातावर चढली. कुणी तिच्यावर लादली नव्हती, तिनंच हौसेनं मागून घेतली होती.

दहा मिनिटं थांबायचं होतं. मुली हात पुढं करून बसल्या होत्या, जणू मेंदी वाळवताहेत. अलीशाच्या पहिल्या पाटात रक्त मध्येच थांबलं आणि ती ओरडली, “ए! मी ए!” प्राचीचं दुसऱ्यात थांबलं. शाल्मली आपल्या फितीवर वाकली. पहिल्या पाटातली लाल रेघ चढत चढत शेंड्याला पोचली. बरं, म्हणजे बी. दुसऱ्या पाटातली रेघ निम्म्यावर आली. थांब आता. ती चढतच राहिली. थांब की गं! ती शेंड्याला जाऊन टेकली.

दोन्ही धाग्यांतून तिचं रक्त सरळ निघून गेलं होतं. कुणी अडवलं नाही. कुणी ओळखलं नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं फीत वाचली आणि पडद्यावर अक्षर उमटलं. ओ.

“तुझं काय आलं?” अलीशानं मागून मान घातली.

शाल्मलीनं बाही खाली ओढली. “माझा मोबाइल हँग झालाय.”

मॅडम शेवटची सूचना देत होत्या. वापरलेल्या फिती पाकिटात घालून आपल्याकडं ठेवा. छापील आरोग्यकार्ड येत्या शनिवारच्या पालकसभेत, पालकांच्याच हातात मिळेल.

त्या दिवशी सोमवार होता.

*

घरी पोचेपर्यंत ‘नववी ब रणरागिणी’ ग्रुपवर गटांचा पाऊस पडला होता. कुणाचं काय, कुणाचं कुणाशी जमतं, ए वाल्यांनी एका बाकावर बसायचं काय. शेवटी अलीशानं विचारलंच, “म्हेत्रे, मोबाइल सुटला काय? ए की बी?”

तिसरं काही असूच शकत नाही, हे सगळ्यांनीच ऐकलं होतं. शाल्मलीनं ‘बी’ असं टाइप केलं. हॉलभर ऐकू जाणारा आवाज असलेल्या मुलीला एक अक्षर लिहायला चार मिनिटं लागली. खाली लगेच टाळ्यांचे हात उमटले.

खोटं बोलल्यावर पकडलं जाण्याची भीती वाटते, असा तिचा समज होता. पण कुणी पकडलं नाही, त्याचंच तिला जास्त भय वाटलं. आता हे फक्त तिचं एकटीचं होतं.

घरात कुणी नव्हतं. पप्पांची पाळी तीनला सुटायची, आई स्टँडजवळच्या रिक्षाथांब्यावर. शाल्मली आरशासमोर जाऊन उभी राहिली. नाक आईचं आहे, असं सगळे म्हणायचे. म्हणायचे. कान कुणाचे? हनुवटी कुणाची? पप्पांच्या डाव्या भुवईत मधेच एक फट आहे. तिनं आपली भुवई बोटानं उलटसुलट केली. सगळी भरलेली.

संध्याकाळी आई भाकरी थापत असताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, माझा जन्माचा एकसुद्धा फोटो कसा काय नाही गं?”

“पुरात गेलं की सगळं. तुझी दवाखान्याची फाईल, बारशाचा अल्बम, मोबाइल. फ्रीजसुद्धा गेला आपला.”

हे उत्तर शाल्मलीनं शंभरदा ऐकलं होतं. फ्रीज नेहमी शेवटी यायचा. आज पहिल्यांदाच तिला ते पाठ केलेल्या कवितेसारखं वाटलं.

“का गं?” आईनं विचारलं.

“प्रोजेक्ट आहे.”

पप्पा हात धुऊन आले. तीस वर्षं मागांशेजारी काढल्यामुळं त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते घरातही शेडमध्ये असल्यासारखे बोलायचे. “काय शालू! फीत लावली म्हणं आज! कुणाची मिळाली?”

मुलीचं नाव शाल्मली त्यांनीच ठेवलेलं. शालू म्हणता यावं म्हणून. आमच्या घरात एक तरी भारी कापड पाहिजे, असं ते पाव्हण्यांना सांगायचे.

“सतराची,” ती म्हणाली.

त्यांना ऐकू आलं नाही, पण ओठ बघून कळलं. मागवाले एकमेकांचे ओठ वाचतात. शाल्मलीलाही ती विद्या लहानपणापासून येत होती. पप्पा शेडच्या त्या टोकाला, ही दारात, आणि मध्ये पन्नास मागांचा कल्ला, तरी दोघांच्या गप्पा चालायच्या. पप्पांचा चेहरा असा फुलला की तिला तो बघवेना.

“माझी! आमच्या सतराची! बघितलीस किनार? एक तरी धागा वर आलाय काय?” मग त्यांची नजर तिच्या मनगटाकडं गेली. अलीशानं बांधलेला निळा धागा तुटून लोंबत होता. “आण इकडं.”

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जिभेला टेकवली, तुटलेली दोन टोकं एकमेकांवर ठेवली आणि एक पीळ दिला. एवढंच. धागा अखंड.

“शोध, गाठ कुठं आहे ती.”

“शी! दिलीत परत थुंकी लावून,” आई चुलीकडूनच म्हणाली. “पोरगी मोठी झाली आता.”

“थुंकी नाही ती, माझा गोंद आहे!”

हा संवादही नेहमीचाच होता, आणि त्यावर तिघांनी हसायचं हेही नेहमीचंच. आज दोघंच हसले. शाल्मली धाग्यावरून बोट फिरवत राहिली. आणि मग तिच्या मनात आलं, यांना माहिती असेल का? दोघांनाही? की एकालाच? त्या दुसऱ्या शक्यतेसरशी ती जागची उठली.

ती गच्चीवर गेली. चारी बाजूंनी शेडांचे पत्रे आणि त्यांच्याखाली हजारो माग एका सुरात खडखडत होते. या गावात रडायची एक सोय आहे, कुणाला ऐकू जात नाही. खाली अंगणात पप्पा येऊन उभे राहिले. त्यांनी वर बघून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, ‘काय झालं?’

तिला स्पष्ट वाचता आलं. तिनं न दिसल्यासारखं केलं.

पप्पांनी पुन्हा ओठ हलवले. मग थोडा वेळ थांबून आत गेले.

*

मंगळवार तसाच गेला. बुधवारी शाल्मली शाळेतून निघाली आणि एकटीच सरकारी दवाखान्यात गेली. अलीशाला सांगितलं, दात दुखतोय.

रक्ततपासणीची खोली मागच्या बाजूला होती. बाहेर वीस जणांची बाकं होती आणि एकही माणूस नव्हता. आत टेबलामागं रक्त तपासणाऱ्या खोत मॅडम शब्दकोडं सोडवत होत्या. केस पांढरे, एप्रन कडक इस्त्रीचा. फिती आल्यापासून इथं कुणी येत नसे. ज्याचं त्याचं रक्त ज्याच्या त्याच्या हातावर वाहायचं आणि उत्तर मोबाइलवर यायचं. निवृत्तीला आठ महिने उरले म्हणून मॅडमना कुणी हलवलं नव्हतं.

“वाट चुकलीस काय बाळ?”

“रक्तगट बघायचाय. जुन्या पद्धतीनं.”

खोत मॅडमचा चेहरा असा उजळला, जणू कुणी लग्नाचं आमंत्रण दिलंय. “बस, बस! इथं बस. कुठला हात देतेस? मागचा पेशंट कधी आला होता सांगू? दिवाळीआधी.”

त्यांनी तिचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि हलकं हलकं दाबत टोकाशी रक्त आणलं. “घाबरू नको. बोल काहीतरी. कितवीत आहेस? आम्ही नेहमी बोलायला लावायचो. एकेकाची अख्खी घरची कहाणी ऐकलीय मी, एक थेंब घेईपर्यंत.”

शाल्मलीनं तोंड उघडलं. सोमवारपासून साठलेलं सगळं सांगायचं होतं. पण बाहेर पडलं एवढंच, “नववी.”

सुई टोचली. ती फितीपेक्षा दुखली. मात्र फितीनं असा हात धरला नव्हता.

काचेवर दोन थेंब. एकावर निळं औषध, दुसऱ्यावर पिवळं. मॅडमनी काच हातात घेऊन सावकाश हलवली, मागं, पुढं. निळ्याचा थेंब तसाच गुळगुळीत राहिला. पिवळ्याचा थेंब बघता बघता फाटल्या दुधासारखा झाला.

“बी,” खोत मॅडम म्हणाल्या. “लख्ख बी.”

“परत बघा.”

“अगं, यात परत काय—”

“परत बघा ना, प्लीज!” तो माईकशिवायचा आवाज. रिकाम्या बाकांपर्यंत गेला.

मॅडमनी काही न विचारता दुसरं बोट घेतलं. पुन्हा दोन थेंब, पुन्हा पिवळा फाटला. बी. पप्पांच्या खिशातली चिठ्ठी. शाल्मलीला हसू आलं, त्याच्या मागोमाग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं उचकी लागली. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

उचकी थांबल्यावर तिनं कंपासपेटीतून फीत काढली. “मग हिनं ओ का दाखवलं?”

“आई गं, म्हणून आलीस होय?” खोत मॅडमनी फीत उजेडात धरली. “बीची ओळखणारी द्रव्यं कुणीतरी आधीच खाऊन टाकली असणार. दुसऱ्याच कुणाच्या तरी ‘बी’नं ती भरून गेली, तुझं रक्त येईपर्यंत काही शिल्लकच नाही. पण फितीवर दुसऱ्याचं रक्त कुठून येणार? जंतू मारायला वाफेतून काढतात म्हणे त्या.” त्यांनी कोडं सोडवायच्या पेन्सिलीनं डोकं खाजवलं. “रक्तच पाहिजे असंही नाही म्हणा. आम्ही शिकत होतो तेव्हा थुंकीवरून गट काढायचो. दहातल्या आठ माणसांच्या थुंकीत त्यांचा गट उतरलेला असतो. वाळली तरी राहतो, उकळली तरी राहतो. आता कुणाला माहीतसुद्धा नाही हे.”

शाल्मलीच्या हातातला ग्लास टेबलावर टेकला.

“मॅडम, तुमचा मायक्रोस्कोप चालतो?”

“चालतो म्हणजे? रोज पुसते मी.”

तिनं फीत भिंगाखाली सरकवली. मेणाच्या धाग्यांचे चकचकीत बांध दिसले. त्यांच्यामधला कापसाचा दुसरा पाट, लाल झालेला. ती किनारीपासून हळूहळू सरकवत गेली. मध्यावर एका जागी धागा किंचित जाड होता. गाठ नव्हती. एक टोक दुसऱ्या टोकावर झोपलेलं, आणि त्यांना दिलेला एकच पीळ. इतका सफाईदार की कारखान्याच्या कॅमेऱ्यालाही कळू नये.

तिनं आपलं मनगट शेजारी धरलं. निळ्या धाग्यावर तोच पीळ.

“काय दिसलं?” खोत मॅडमनी विचारलं.

“काही नाही,” शाल्मली म्हणाली. “धागा.”

*

ती बाजारातून चालत घरी निघाली तेव्हा तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. मी पप्पांची आहे! म्हणजे इतकी त्यांची, की त्यांच्या थुंकीतून माझ्या आधी तेच त्या धाग्यात जाऊन बसले होते. हे कुणाला तरी ओरडून सांगायला पाहिजे होतं. अलीशाला? तिला सोमवारीच ‘बी’ कळवून झालं होतं. आईला? मग पप्पांचं काय?

कारण कारखान्याचा नियम तिला पाठ होता. मागावर कापसाचा धागा तुटला की माग थांबवायचा, तेवढी फीत मीटरभर कापून कचऱ्यात टाकायची, नोंद करायची. जोडायचं नाही. पप्पा मागे एकदा जेवताना म्हणालेही होते, “गाठ चालत नाही म्हणतात, गाठीत रक्त अडतं. अरे, पण गाठ मारतोय कोण? आमच्या जोडात पाणी अडून दाखवा!” मीटरभर चांगला माल फेकणं त्यांच्या हातांना जमत नव्हतं. फसवायचं म्हणून नव्हे. आपली कारागिरी म्हणून.

नियम मोडला म्हणून गेल्या वर्षी दोघांचे माग काढून घेतले होते.

मसाल्याच्या दुकानासमोर एक बाई तिच्यापुढून गेली. दंडावर फीत, निळी किनार. नंबर दिसला नाही. शाल्मली थबकली. मग तिला सगळीकडं फितीच दिसू लागल्या. भाजीवाल्याच्या हातावर, स्कूटरवरच्या मुलाच्या हातावर. सतरा नंबरवर रोज चारशे मीटर विणलं जातं. धागा दिवसातून किती वेळा तुटत असेल? दोनदा? पाचदा? त्यातला एखादाच जोड ऐन पाटात येत असेल, आणि त्यातल्याही एखाद्याचाच गट चुकत असेल. पण असेल तर? कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी आरशासमोर उभी राहून कुणीतरी आपली भुवई बघत असेल तर? आणि ‘मोबाइल हँग झालाय’ म्हणत असेल तर?

तिचं हसू तिथंच ओसरलं. आता तर ती सोमवारपेक्षाही एकटी होती. तेव्हा निदान कुणाला वाचवायचं नव्हतं.

गुरुवारी ती कुणाशीच धड बोलली नाही. अलीशानं डबा पुढं केला, तिनं दोन घास खाल्ले आणि बाकीचा प्राचीकडं सरकवला. “तुला झालंय तरी काय?” अलीशानं विचारलं. “पैज जिंकूनसुद्धा हरल्यासारखी का बसलीस?”

*

शुक्रवारी दुपारी आईनं रिक्षा चार्जिंगला लावली होती आणि पप्पा पाळीवरून आले होते. तिघं जेवायला बसले. पप्पांनी खाली बघतच विचारलं, “सोमवारी तू गच्चीवर होतीस तेव्हा मी खालनं विचारलं. तुला कळलं होतं की नाही?”

“कळलं होतं,” शाल्मली म्हणाली.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. फळ्यावरच्या चिठ्ठ्या, शेंड्याला पोचलेल्या दोन रेघा, ओ, खोत मॅडम, फाटलेला थेंब, बी, थुंकीत उतरणारा गट. ओठ स्पष्ट दिसावेत म्हणून ती पप्पांकडं तोंड करून सावकाश बोलत होती. आईच्या हातातला घास हातातच राहिला.

“म्हणजे तू सोमवारपासून…” आईनं ताट बाजूला सारलं. “अगं, बाळंतपणात बावीस तास कळा दिल्यात मी! विचारायचं तरी होतंस!”

“काय विचारणार होते, आई?”

 आईनं उष्ट्या हातानंच शाल्मलीची मान जवळ ओढली.

 शाल्मलीनं फीत आणि मनगटातला धागा पप्पांपुढं शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी फीत उचलली, अंगठ्यानं दुसऱ्या पाटावरून हात फिरवला आणि एका जागी अंगठा थांबला. मायक्रोस्कोप लागला नाही.

“माझाच,” ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात. “मी जोड दिला, आणि त्यानं तुलाच माझ्यापासनं…” त्यांनी फीत खाली ठेवली आणि आपली दोन बोटं बघत बसले. जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

आईनं डोळे पुसले आणि ती लगेच कामाला लागली. “हे बघा. फीत भिजली म्हणून सांगायचं. नवी देतात, शेजारच्या पोरीला दिली होती. एकतीसची घ्यायची, चाळीसची घ्यायची. कार्डावर बी येईल, विषय संपला. आणि तुम्ही उद्यापासनं धागा तुटला की कापायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

“हो,” पप्पा म्हणाले. “तसंच करू.” पण ते शाल्मलीकडं बघत नव्हते.

खरंच, किती सोपं होतं! शाल्मलीनं त्या सोप्या वाटेकडं एकदा नीट बघून घेतलं.

“पप्पा, असे किती जोड दिलेत?”

त्यांनी खांदे उडवले. मग म्हणाले, “दोन वर्षं झाली की गं.”

“त्या सगळ्या फिती कुणाच्या तरी हातावर आहेत. मला खोत मॅडम भेटल्या म्हणून कळलं. बाकीच्यांना कोण भेटणार आहे?”

“पोरी, माग जाईल माझा.”

“माहिती आहे.”

“मग खायचं काय? आईच्या एकटीच्या रिक्षावर?”

“ते आपण तिघं मिळून बघू. तिघं आहोत की आपण.” तिनं पप्पांच्या बोटांवर हात ठेवला. “पप्पा, चार दिवस मी या घरात बसून तुमचे ओठ वाचले नाहीत. मुद्दाम. मला ते परत कुणाच्या घरात व्हायला नको आहे.”

आई काही तरी म्हणणार होती. पप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. शाल्मली उठून उभी राहिली, हॉलमध्ये राहिली होती तशीच. यावेळी कुणी पैज लावली नव्हती.

“उद्या सकाळी दहाला ऋजुता मॅडम सभेला येणार आहेत. मी नऊलाच दारात थांबणार आहे. सगळ्यांसमोर नाही, त्यांना एकटीला सांगणार. ही फीत दाखवणार, जोड दाखवणार, कुणी दिला तेही सांगणार, आणि का दिला तेही. तुम्ही बरोबर आलात तर जोड तुम्हालाच समजावून सांगता येईल, तेवढं मला नाही जमायचं. नाही आलात तरी मी रागावणार नाही. पण मी जाणार आहे. आणि मॅडम वहीत लिहून घ्यायला लागल्या, तर मी पूर्ण नाव सांगणार आहे. शाल्मली शिवानंद म्हेत्रे. गट बी.”